मदत हवी आहे: बीडीई-४७ दिलेली झेब्राफिशची पिल्लं सुस्त, दोष मज्जातंतूंचा की पोहण्याचा?

नमस्कार मंडळी,

एमएस्सी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोम, टीव्हीची कव्हरं वगैरे लवकर पेट घेऊ नयेत म्हणून त्यांत घालत आलेली ब्रोमीनची रसायनं माशांच्या मज्जासंस्थेच्या घडणीवर काय करतात, हा माझा प्रकल्प. त्यातलं बीडीई-४७ घेतलंय, कारण माशांच्या अंगात बहुधा हेच सर्वांत जास्त सापडतं. वर्षानुवर्षं टिकणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत ते २००९ साली गेलं, आपल्याकडे २०१८ला नियम आले, पण जुन्या फोममधून आणि भंगारातून ते अजून पाण्यात उतरतंच आहे.

अंडी फलित झाल्यावर ४ तासांनी द्रावणात ठेवली, २८.५ अंशांवर. पाचव्या दिवशी ९६ खणांच्या प्लेटमध्ये उजेड-अंधार चाचणी. दिवा बंद झाला की साध्या पाण्यातली पिल्लं एकदम सैरावैरा सुटतात. बीडीईवाली बरीचशी जागची हलत नाहीत. हललीच तर एका कुशीवर कलून गोल फिरतात. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर यांतल्या कितीतरी पिल्लांची पाण्यात तरंगायला लागणारी हवेची पिशवी फुगलेलीच नाही. काहींची शेपटी वाकडी. मग ही सुस्ती मज्जातंतूंची म्हणू, की बिचाऱ्यांना पोहताच येत नाही म्हणून?

शिवाय बीडीई विरघळवायला वापरलेला द्राव, म्हणजे डीएमएसओ (०.५ टक्के), नुसता दिलेली पिल्लं साध्या पाण्यातल्यांपेक्षा जास्त चळवळी निघाली. सर म्हणतात, आकडे आलेत, लिहायला घे. मन धजत नाही. कुणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:

ताई, थांबलात ते बरं केलंत. आधी डीएमएसओ. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलेल्या २३६ क्रमांकाच्या मासे-भ्रूणचाचणीत विद्रावकाची मर्यादा लिटरला १०० मायक्रोलिटर, म्हणजे ०.०१ टक्के. तुमचं पन्नास पट आहे. ते खाली आणा आणि तुलना डीएमएसओवाल्यांशीच करा. बीडीई-४७ प्लॅस्टिकला चिकटतं, तेव्हा अंडी काचेच्या भांड्यात वाढवा.

पिशवी न फुगलेली पिल्लं पोहण्याच्या मोजणीतून वगळा, पण त्यांची संख्या टाकून देऊ नका. बीडीई-४७च्या रेणूची ठेवण थायरॉक्सिन या थायरॉइडच्या संप्रेरकासारखी आहे: दोन कड्या, मध्ये ऑक्सिजन, आणि आयोडीनच्या जागी ब्रोमीन. आणि पिशवी फुगायला थायरॉइडचं संप्रेरक लागतं. कदाचित तुमचा खरा धागा तिथेच असेल.

मज्जातंतूंचंच पाहायचं तर पिशवी फुगण्याच्या वेळेआधी पाहा. फलनानंतर साधारण १७ तासांपासून अंड्यातल्या अंड्यात शेपटीची वळवळ सुरू होते. ती पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंच्या जाळ्याची करामत, मेंदूची गरज नाही. पुढे २१ तासांच्या सुमाराला स्पर्शाला दाद मिळते. तिथेच फरक दिसला तर पोहण्याची शंका उरत नाही. मग प्रतिपिंडाने स्नायूंकडे जाणारे मज्जातंतू रंगवून त्यांची लांबी मोजा. बीडीई-४७मुळे ती खुंटते, हे झेब्राफिशमध्ये दिसलेलं आहे.

मूळ धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. वगळलेल्या पिल्लांची नोंद वहीत आहे, ती आजच वेगळी काढते. उद्या सकाळी दिवे लागले की नवी अंडी गोळा करेन. एकच राहिलं: वळवळ मोजताना अंड्याचं कवच तसंच ठेवू की चिमट्याने काढू? कवचाआड रसायन पिल्लापर्यंत कमी पोचेल, अशी धास्ती वाटते.