कॅथलिक माणसाने टॅटू काढलेला चालतो का? आजीच्या रोजरीचा क्रूस गोंदवायचाय

वसईची_पोरगी
नमस्कार सगळ्यांना. मी २४ वर्षांची, वसईची, कॅथलिक. फेब्रुवारीत माझी आजी गेली, आईची आई. आईबाबा दोघं नोकरीला त्यामुळे मी तिच्याकडेच वाढले. तिची काळ्या मण्यांची एक रोजरी, म्हणजे जपमाळ, होती, क्रूसावरचा येशू बोटं फिरून फिरून इतका झिजलेला की चेहरा उरलाच नव्हता, नुसते पसरलेले हात कळायचे. ती रोजरी आम्ही तिच्या हातात गुंडाळूनच तिला पुरलं, आता माझ्याकडे मोबाईलमधला एक फोटो आहे फक्त. मला तो क्रूस तसाच, चेहरा नसलेला, डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला हवाय. आईला सांगितलं तर तिने बायबल उघडून लेवीय १९:२८ समोर धरलं, मेलेल्यांसाठी अंगावर जखमा करू नका, अंग गोंदवून घेऊ नका. आणि मी तर नेमकं गेलेल्या माणसासाठीच करतेय ना! तेव्हापासून झोप नाही. हे पाप आहे का? कन्फेशनमध्ये सांगावं लागेल का? प्लीज कोणीतरी नीट सांगा.

धर्मशिक्षण_टीचर
बाळा, आधी आजीला चिरशांती मिळो. मी बरीच वर्षं रविवारी मुलांना धर्मशिक्षण शिकवते, मोठ्या वर्गात हा प्रश्न ठरलेला असतो. टॅटू काढणं पाप आहे असं चर्च शिकवत नाही. कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणीचं अधिकृत पुस्तक, चाळून बघ, टॅटूचं नावही नाही. आता लेवीयचं. त्याच अध्यायात एक वचन आधी दाढीच्या कडा छाटू नका असं आहे आणि १९व्या वचनात दोन जातीच्या धाग्यांचं कापड घालू नका, मग बाबांची दाढी आणि आपले टेरिकॉटचे कपडे यांचं काय करायचं? कोणी मेलं की अंग चिरून घ्यायचं ही आजूबाजूच्या लोकांची शोकाची रीत होती, इस्राएलने तसं करू नये म्हणून तो नियम. पुढे जेरुसलेमला प्रेषित जमले, प्रेषितांची कृत्ये १५ वाच, तिथे यहुदी नसलेल्यांवर ते सगळं ओझं टाकायचं नाही असं ठरलं. दहा आज्ञा राहिल्या, हे विधीचे नियम आपल्यावर नाहीत. तू आठवण जपतेयस, त्यात कन्फेशनला जाण्यासारखं मला काही दिसत नाही. फक्त एक, आजीच्या आत्म्यासाठी काही करावंसं वाटलं तर ती मिस्सा (चर्चमधली उपासना) आणि प्रार्थना. टॅटू तुझ्यासाठी आहे, तिच्यासाठी नाही, एवढं मनात स्पष्ट असू दे.

निर्मळचे_अंकल
टीचर म्हणतात ते नियमाने बरोबर असेल पण मला पटत नाही. तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे असं संत पौलाने करिंथकरांना लिहिलंय, मंदिराच्या भिंतीवर कोणी येताजाता रेघोट्या मारतं का? आणि मुली, गळ्यातला क्रूस काढून ठेवता येतो, कातडीतला येत नाही. क्रूस अंगावर मिरवणारी आणि रविवारची मिस्सा बुडवणारी पोरं आमच्या गावात पाहिलीत म्हणून बोलतोय, तुझ्यावर राग नाही. आजीसारखी रोज संध्याकाळी रोजरी म्हण, तीच तिची खरी खूण.

बोटीवरचा_नंदाखालकर
अंकल तुमचा मान ठेवून सांगतो, मंदिराच्या भिंतीवर चित्रं असतातच की, आपल्या चर्चमध्येच बघा ना. आणि मुलींचे कान तर आपण तान्हेपणीच टोचतो, त्याला कोणी लेवीय काढत नाही.
मी क्रूझवर आहे. २०१४ ला बोट दुब्रोवनिकला लागलेली तेव्हा सुट्टी मिळाली म्हणून आम्ही चौघं बसने मेजुगोर्येला गेलो, ते बॉस्निया हर्जेगोविनात येतं. चर्चबाहेर एक म्हातारी बाई बाकावर बसलेली, काळा रुमाल बांधलेला, हातात रोजरी, आणि दोन्ही हातांच्या मागे बोटांपर्यंत निळे फिकट क्रूस आणि त्याभोवती फांद्यांसारखी नक्षी. मला एकदम आपल्याकडच्या वारली बायकांचं गोंदण आठवलं! गाईड म्हणाला तिकडे याला सित्सान्ये म्हणतात, त्या भागातल्या कॅथलिक बायकांची जुनी चाल, तुर्कांच्या राज्यात तर पोरींच्या हातावर मुद्दाम क्रूस काढायचे म्हणजे ती कुणाची आहे ते पुसता येणार नाही. काजळी आणि दुधाची शाई, आणि बऱ्याच गावांत संत जोसेफच्या सणाच्या दिवसांत, मार्चमध्ये करायचे. आता त्या बाईला कोण सांगणार की आजी तुम्ही पाप केलंत?
इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती आजही उजव्या मनगटाच्या आत छोटा क्रूस काढतात, कॅथलिक नाहीत ते पण ख्रिस्तीच ना. जेरुसलेमला जाऊन आलेले यात्रेकरू तर कित्येक शतकं तिथून क्रूस गोंदवून घरी यायचे.

सिस्टर_नाईट_ड्युटी
मी नर्स आहे म्हणून कामाचं तेवढं सांगते. सुई तुझ्यासमोर पाकिटातून फोडलेली हवी आणि शाई नव्या छोट्या कपात ओतलेली, नाहीतर सरळ उठून ये, हिपॅटायटिस बी आणि सी असेच पसरतात. जत्रेत वगैरे अजिबात काढू नको. टॅटूनंतर आपल्याकडे १२ महिने रक्तदान घेत नाहीत, तू रक्त देत असशील तर आधी देऊन ये. मनगटाची आतली बाजू दुखते बरं का आणि बारीक रेघा काही वर्षांत पसरतात, झिजलेल्या क्रूसाची बारीक नक्षी असेल तर थोडा मोठाच काढ.

धर्मशिक्षण_टीचर
एक राहिलं होतं. मार्च २०१८ मध्ये रोममध्ये तरुणांची सभा होती, तिथे युक्रेनच्या एका सेमिनरीयनने (फादर होण्याचं शिक्षण घेणाऱ्या मुलाने) पोप फ्रान्सिसना टॅटूबद्दल विचारलेलं. ते म्हणाले टॅटूला घाबरू नका, एरिट्रियाचे ख्रिस्ती कपाळावर क्रूस गोंदवत आलेत, अतिरेक नको एवढंच, आणि टॅटू दिसला की त्या मुलाशी बोलायला सुरुवात करा, हे का काढलंस ते विचारा. तेच तू आईसोबत कर. चौथी आज्ञा, आईवडिलांचा मान राख. २४ व्या वर्षी तिची परवानगी लागत नाही पण मान कधी संपत नाही, कॅटेकिझममध्ये हे अगदी असंच आहे. आणि तुझी आजी गेली तशी तिची आई गेलीय. तिने लेवीय काढलं खरं पण तिला नक्की काय टोचतंय ते बसून विचार.

वसईची_पोरगी
सगळ्यांचे खूप खूप आभार, अंकल तुमचेही, आजपासून रोजरी सुरू केलीये. काल रात्री आईला नंदाखालकर दादांची म्हातारीची गोष्ट वाचून दाखवली. बराच वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, रोज तुझ्या हातावर तो क्रूस दिसला तर मला रोज पेटी बंद करतानाचं आठवेल गं. हे मला सुचलंच नव्हतं, माझ्या डोक्यात फक्त माझीच आजी होती. मग आम्ही दोघी रडलो. फोटो मागून घेतला तिने, मोठा करून बघत बसली, म्हणाली हा डावा हात जरा वाकलाय, मी लहान असताना माझ्याच हातून पडला होता. शेवटी म्हणाली वर्षाची मिस्सा होऊ दे, मग बघू.
सिस्टर, तो वाकडा हात नीट दिसायला किती मोठा काढावा लागेल, दोन इंच पुरतील का?