मदत हवी आहे: प्रेस कौन्सिलच्या नेमणुकीवर हरकत कशी घ्यावी?
मंडळी, आमच्या अभ्यासगटासाठी टिपण लिहितोय. प्रेस कौन्सिल म्हणजे वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्यावर आणि दर्जावर लक्ष ठेवणारी संस्था. प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ च्या कलम ५ प्रमाणे तिच्यात अध्यक्ष आणि २८ सदस्य, त्यांत १३ श्रमिक पत्रकार. अध्यक्ष ठरवणार राज्यसभेचे सभापती, लोकसभेचे अध्यक्ष आणि कौन्सिलच्या सदस्यांनी आपल्यातून निवडलेला एक सदस्य. म्हणजे सरकारचा थेट हात नाही (निदान कागदावर).

समजा ही पद्धत डावलून कुणाला नेमलं, तर नागरी संस्थांनी सुरुवात कुठून करावी? राज्यघटनेच्या कलम २२६ खाली अधिकारपृच्छेची (म्हणजे ‘या पदावर कोणत्या अधिकाराने बसलात’ असं विचारणारी) याचिका करता येते, तिथे स्वतःचं नुकसान दाखवावं लागत नाही, एवढं ठाऊक आहे. पण आधी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे लेखी हरकत द्यावी का? माहिती अधिकारात नेमके कोणते कागद मागावेत? कुणाकडे जुना मसुदा असेल तर प्लीज दाखवा.