मिसळीचा तिखटपणा कोणी ठरवावा : करणाऱ्याने की खाणाऱ्याने?

ठाणेकरीण
गेल्या रविवारी नव्याने निघालेल्या एका मिसळीच्या दुकानात माझ्या मामेबहिणीने "थोडी कमी तिखट मिळेल का?" एवढेच विचारले, तर वाढपी म्हणाला, "ताई, मग वरणभात खाऊन यायचं." शेजारच्या टेबलावरची मंडळी खो खो हसली. ती बिचारी नाक पुसत, पाण्याचे पेले रिचवत अर्धी मिसळ टाकून उठली. आमच्या ठाण्यात 'मामलेदार' या मिसळीच्या दुकानात मिसळ मागवतानाच तिखट, मध्यम की कमी हे गिऱ्हाईक सांगते आणि त्यात कोणाची अब्रू जात नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की पैसे देणाऱ्याच्या जिभेला किती सोसते हे त्याचे त्यालाच ठरवू द्यावे, आणि कमी तिखट मागणाऱ्याची टिंगल करणे हा असभ्यपणा समजावा.

रंकाळ्याकाठचा
टिंगल वाईट, हे मान्य. पण मूळ मागणी मला पटत नाही. मिसळीचा कट म्हणजे तिखटपूड कालवलेले लाल पाणी नव्हे. भाजलेले खोबरे, तीळ, कांदा आणि भरपूर लसूण यांच्या वाटणाला कांदा-लसूण मसाल्याची जोड देऊन ते तेल सुटेपर्यंत परतावे लागते, आणि त्या तेलातच मिरचीचा रंग व जाळ दोन्ही उतरतात. अशा कटात ऐन वेळी गरम पाणी ओतून तो "मध्यम" केला, की तिखटाबरोबर मीठ, मसाला, वास सगळेच पातळ होते, आणि मग तेच गिऱ्हाईक बाहेर जाऊन मिसळीत दम नव्हता असे सांगते. कोल्हापूरबाहेरच्या हॉटेलांत 'व्हेज कोल्हापुरी' नावाने जो लालभडक प्रकार खपवला जातो, त्याने आमची आधीच पुरेशी बदनामी केली आहे. आमच्याकडे तांबड्या रश्श्याच्या शेजारी पांढरा रस्साही असतो, हे लोक सोयीस्करपणे विसरतात.

सदाशिव पेठ
पांढऱ्या रश्श्याचा दाखला तुम्हीच दिलात, हे बरे झाले, कारण तो तुमच्याच विरुद्ध जातो. एकाच पंगतीत जहाल आणि सौम्य दोन्ही ठेवून कशात किती भाकरी बुडवायची हे जेवणाऱ्यावर सोपवले, तर ती खाणाऱ्याची निवडच झाली. मराठी ताटाची मांडणीही हेच सांगते. मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर हे सगळे डाव्या बाजूला वाढायचे, ते ज्याने त्याने आपल्या बेताने तोंडी लावावे म्हणूनच. पुण्यातली जुन्या वळणाची मिसळ पोहे घातलेली आणि काहीशी गोडसर असते, तिला "ही मिसळच नव्हे" म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी आणखी एक सॅम्पल, म्हणजे रश्श्याचा वाढा, मागवतो आणि गप्प बसतो.

रंकाळ्याकाठचा
डावी बाजू ताटाला असते, मिसळीला नसते. शिजवून मुरलेला तिखटपणा आणि वरून भुरभुरलेली पूड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शरीरशास्त्राची मास्तरीण
तिखट ही मुळात चवच नाही. मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळे चेतातंतूंवरचा उष्णता ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) जागा होतो आणि मेंदूला भाजल्याचा निरोप जातो; या ग्राहकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. सवयीने ही जाणीव बोथट होते, म्हणून लहानपणापासून ठेचा खाणाऱ्याला जे नुसते चटकदार लागते, त्याने दुसऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येते. यात शौर्याचा काहीच संबंध नाही. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. त्यामुळे मामेबहिणीने पाण्याऐवजी दही किंवा ताक मागवले असते तर लवकर आराम पडला असता. याच कारणाने सर्वांत जहाल भाग वर तरंगणाऱ्या तेलात असतो. तेव्हा कटात पाणी ओतण्यापेक्षा तर्री बाजूला सारून खालचा रस्सा वाढला, तर मसाला टिकून जाळ बराच उतरतो.

इतवारी, नागपूर
हेच लिहायला आलो होतो. आमच्याकडे तर्री-पोह्यांच्या गाडीवर "तर्री कमी" किंवा "तर्री जास्त" असे सांगितले की पळी त्याप्रमाणे चालते, गाडीवाला कोणाचे संस्कार काढत नाही. सावजीच्या रश्श्याबद्दल मात्र मी कोल्हापूरकरांच्या बाजूचा आहे. तो आहे तसाच खावा, नाहीतर दुसरे काही मागवावे.

सासर रत्नागिरी, माहेर अकोला
दुकानाचे सोडा, घरात हा प्रश्न जास्त नाजूक असतो. सासरी नारळाच्या रसातली आमटी आणि माहेरी लसणाच्या फोडणीचे झणझणीत वरण, अशा परिस्थितीत "तुमच्याकडे फारच जाळ असतो हो" हे वाक्य मिरचीबद्दल नसून माहेराबद्दल असते, हे ऐकणाऱ्या सुनेला बरोबर कळते. तोडगा म्हणून मी आमटीला हात लावत नाही. खलबत्त्यात ठेचा कुटून बरणी टेबलावर ठेवते. आता सासरेच ती आधी ओढतात. पाहुण्यांना मात्र मी पहिल्या घासाआधीच तिखट चालते का हे विचारते, कारण नंतर विचारले तर कोणीही संकोचाने "छान झालंय" असेच म्हणणार.

ठाणेकरीण
रंकाळ्याकाठचे दादा, एका गोष्टीचे उत्तर द्या. कोल्हापुरातही मटकी, फरसाण, कांदा आधी ताटलीत पडतो आणि कट वेगळ्या पातेल्यातून वरून ओतला जातो. म्हणजे पदार्थ आधीपासूनच सुटा आहे. मग शेवटची पळी कोणाच्या सांगण्यावरून पडावी, यात कलेचा भंग कुठे होतो?

रंकाळ्याकाठचा
पहिली पळी करणाऱ्याच्या मर्जीने पडावी आणि दुसरीपासून खाणाऱ्याच्या, यापेक्षा खाली मी उतरणार नाही. कमी हवा असेल तर वरची तर्री काढून द्यावी, पाणी घालू नये. आणि दुसऱ्या वाढ्याला कटाचे वेगळे पैसे लावणाऱ्यांविषयी येथे कोणी काहीच का बोलत नाही?

सदाशिव पेठ
कारण कट पुरेसा जहाल ठेवला की दुसरा वाढा फुकट असूनही कोणी मागत नाही. दुकानदाराचे गणित आपल्या चर्चेपेक्षा पक्के आहे.