पुदिन्याचा चहा: आठवणी लिहा, घोटाळेही चालतील

वाफाळ
परवा मंडईतून आल्यावर पिशवी ओट्यावर उलटी केली, तर कोथिंबीर-मिरचीबरोबर एक भलतीच जुडी निघाली. गवती चहाची पाती मुडपून त्यात पुदिन्याच्या पाच-सहा काड्या खोचलेल्या, वरून दोरा. मी मागितली नव्हती. आधीच्या गिऱ्हाइकाची माझ्या पिशवीत आली असणार. दोरा सोडला, वास आला, आणि दूध उतू जायची वेळ आली तरी मी तिथेच उभी.

चौथीत होते. ग्रँट रोडला आमच्या चाळीसमोर एक पारशी बाई राहायच्या, त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला जायचे. शिकले काय ते विचारू नका. पाच वाजले की त्या पुस्तक मिटायच्या आणि आत जाऊन अशीच जुडी कात्रीने कापायच्या. कात्रीचा तो कचकच आवाज बाहेर ऐकू यायचा. गवती चहा आधणात, पुदिना मात्र पत्ती टाकल्यावर आणि लगेच झाकण. दूध वेगळं. किटलीला लोकरीची टोपी, तिला एक गोंडा, तोही अर्धा सुटलेला. मला दूध जास्त घालून अर्धा कप मिळायचा. "फुदीना वगर चाय नी भावे, दीकरा," हे रोज.

घरी येऊन आईच्या मागे लागले. आईने पुदिना, दूध, साखर, पत्ती सगळं एकत्र घालून दहा मिनिटं खळाखळा उकळलं. बाबांनी बशीत ओतलं, एक फुरका मारला आणि म्हणाले, "चटणी पातळ झालीय." तेव्हापासून आमच्याकडे त्याचं नाव 'पातळ चटणी'.

परवा मी त्या बाईंसारखा केला. गॅस बंद, मग पुदिना, वर ताटली, तीन मिनिटं. नवरा म्हणाला, आज चहाला कसला वास मारतोय, आणि दुसरा कप मागितला.

तुमचं लिहा. गरम, गार, फसलेला, कसाही.

अर्धा_कप
पातळ चटणी!! मेले हसून. वर शेव-कांदा घालून द्यायचा ना बाबांना.

पमाकाकू
छान लिहिलंयस गं. जुडी कितीला मिळाली?

टोपलीतला_कांदा
लहानपणी मी चहात पेपरमिटाची गोळी टाकली होती. ती पांढरी, मध्ये भोक असलेली. चव ठीकच होती. मार मात्र लक्षात आहे.

माळ्यावरचा
मोरोक्को. फेस शहरात चामडं कमावायच्या कुंडांचा एक मोठा चौक आहे, शुआरा म्हणतात. तो बघायचा तर चामड्याच्या दुकानांतून गच्चीवर चढावं लागतं, आणि जिन्याच्या तोंडाशीच एक पोरगा प्रत्येकाच्या हातात पुदिन्याची काडी ठेवतो. का ते वर गेल्यावर कळतं. खाली कातडी भिजताहेत चुन्यात आणि कबुतरांच्या विष्ठेत. आमची ही काडी नाकाला लावून उभी, फोटोतसुद्धा नाक दिसत नाही.

खाली आलो तर दुकानदाराने आग्रहाने बसवलं आणि काचेच्या छोट्या ग्लासांतून चहा आला, आत हिरवागार पुदिना. हिने माझ्याकडे बघून विचारलं, "तोच नाही ना?"

तो नव्हता. पण करायची पद्धत बघण्यासारखी. पत्ती चिनी, हिरवी, बारीक गोळ्यांसारखी वळलेली, तिला गनपावडरच म्हणतात. आधी थोडं उकळतं पाणी घालायचं आणि ते ग्लासात काढून बाजूला ठेवायचं. तो चहाचा जीव, टाकायचा नाही. मग पुन्हा पाणी घालून किटली गरगर फिरवायची आणि हे मात्र ओतून द्यायचं, त्यात कडवटपणा जातो. मग जीव परत आत, वरून पाणी, थोडं विस्तवावर, मग मूठभर पुदिना आणि साखरेचा खडा. खडा म्हणजे सुपारीएवढा नाही, लिंबाएवढा! ग्लासात ओतायचा, परत किटलीत, असं दोन-तीनदा, आणि शेवटी हात खांद्यापर्यंत उचलून धार सोडायची. फेस आला तर चहा झाला. थेंब बाहेर नाही. मी हॉटेलात करून बघितलं आणि चादरीचे पैसे भरले.

गंमत म्हणजे तिकडे चहा पिकतच नाही. 1850 च्या दशकात क्रिमियन युद्धामुळे इंग्रज व्यापाऱ्यांची बाल्टिककडची गिऱ्हाइकं तुटली आणि चिनी चहाच्या पेट्या तँजियर, मोगादोर (आताचं एसाविरा) या बंदरांत उतरल्या. पुदिना त्यांच्याकडे आधीपासून होताच. म्हणजे कोणाचा तरी उरलेला माल, आणि आज त्याशिवाय पाहुण्याला उठू देत नाहीत.

हो, आणि पुदिन्याला अरबीत 'नाना' म्हणतात.

अर्धा_कप
थांबा थांबा. नाना घातलेला चहा??

टोपलीतला_कांदा
आमच्या नानांना आत्ताच वाचून दाखवलं. म्हणाले, मला चहा द्या, चहात मला नको.

सगुणा
नानींना विचारा, त्या कधीच्या तयार असतील :)

पमाकाकू
हाहा. आमच्या यजमानांना सगळे नानाच म्हणतात. त्यांना बिनसाखरेचाच घालावा लागेल.

सगुणा
मस्कतला होतो सहा वर्षं. यांच्या साइटवर चहा करणारा मलबारी होता, सुलेमानी द्यायचा. बिनदुधाचा, लिंबू पिळलेला, वर पुदिन्याची दोन पानं. मी आधी नाक मुरडलं, दूध नाही तर चहा कसला! मग तिथल्या उन्हाळ्यात दुधाचा घशाखाली उतरेना. आता परत आल्यावर सासूबाईंना वाटतं दुधाचे पैसे वाचवते.
कुकर झाला, नंतर लिहिते.

गच्चीवरची
माझा पुदिना कुंडीत जगतच नाही. तीनदा लावला. नर्सरीतून आणला की आठ दिवस बरा, मग काड्या होतात. काय चुकतं?

निळी_छत्री
गच्चीवरची, नर्सरीतला आणूच नका. बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या घ्या, खालची पानं काढा, पाण्याच्या ग्लासात ठेवा. आठवड्यात पांढरी मुळं फुटतात. मग पसरट कुंडी, खोल नको. सकाळचं ऊन, दुपारी सावली, माती ओलसर. आणि छाटत राहा, वाढू दिला की काड्याच होणार.

गच्चीवरची
अरे वा. दुपारचं ऊनच आहे माझ्याकडे.

निळी_छत्री
मग मोठ्या झाडाच्या सावलीत सरकवा. कढीपत्ता आहे का?

गच्चीवरची
आहे, पण त्याला पांढरा मावा पडलाय. तो वेगळाच विषय.

जोशी_न्यू_जर्सी
इकडे उलटं दुखणं. कौतुकाने परसात जमिनीत लावला. दुसऱ्या वर्षी टोमॅटोच्या वाफ्यात, तिसऱ्या वर्षी कुंपणाखालून शेजाऱ्याकडे. मुळं जमिनीखालून पळतात. शेजारी भला माणूस, तो गार चहात घालून पितो आणि उन्हाळ्यात मला भरपूर साखर घातलेला भला मोठा ग्लास आणून देतो. जमिनीत लावू नका, एवढंच सांगायला आलो.

जास्वंद
गारवरून आठवलं. नागपूर, मे महिना, माझ्याकडे भिशी. म्हटलं यंदा पन्हं नको, काहीतरी वेगळं, पुदिन्याचा गार चहा करू. सकाळी कडक चहा केला, गाळला, गरम गरमच फ्रिजमध्ये ढकलला. दुपारी काढला तर गढूळ! पावसाळ्यातल्या नाल्यासारखा. पुदिन्याची पानं बर्फाच्या साच्यात गोठवली होती हौसेने, ती काळी. नणंद म्हणाली, "कोल्ड कॉफी केलीस होय?" मी म्हटलं हो. पिऊन म्हणाली, "कॉफीला पुदिना?"

नंतर कळलं की कडक चहा गार होताना त्यातलं कॅफीन आणि तुरट द्रव्यं एकमेकांना चिकटतात, म्हणून तो गढुळतो. बिघडलेला नसतो. थोडं उकळतं पाणी घातलं की पुन्हा स्वच्छ होतो. आता मी गरम करतच नाही. रात्री बरणीत गार पाणी, पत्ती, पुदिना, फ्रिजमध्ये. सकाळी गाळायचा. कडूही होत नाही. पानं चुरडायची नाहीत, तळहातावर ठेवून एक टाळी द्यायची, पुरे. लिंबू पिताना. लिंबू पिळलं की रंग झर्रकन फिका होतो, पोरं त्यासाठीच पितात.

अर्धा_कप
कॉफीला पुदिना 😭 नणंद ग्रेट

रात्रपाळी
ड्यूटीवरून उतरताना वाचतेय. सगळे कौतुक करताहेत म्हणून एक सांगून ठेवते, नर्स आहे. पित्ताला पुदिना चांगला म्हणून माझी आईच रात्री जेवल्यावर कपभर प्यायची आणि मग छातीत जळजळ म्हणून उठून बसायची. पोटात मुरडा असेल, गॅस असेल तर ठीक. पण ज्यांना आंबट घशाशी येतं त्यांनी जपून. पुदिन्याने अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते, मग ते आणखी वर येतं. आईला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ऐकलं, मी वर्षभर सांगत होते तेव्हा नाही.

सगुणा
आई कुणाचीही असो, डॉक्टर परकाच लागतो. झोप जा आता.

बदलीवाला
बँकेत होतो, बाराबंकीला तीन वर्षं काढली. तिकडे गव्हानंतर शेतंच्या शेतं पुदिन्याची. आपला चटणीचा नव्हे, मेंथा. लोक पिपरमेंट म्हणतात. मे-जूनमध्ये कापणी, आणि गावोगावी लोखंडी टाक्या पेटतात. अर्धवट सुकलेला पाला आत ठासायचा, खाली जाळ, जळणालाही आधीच्या घाण्याचा चोथाच. वाफ नळीतून गार पाण्यातून जाते आणि दुसऱ्या टोकाला पिंपात तेल वर तरंगतं. गावाच्या एक किलोमीटर आधीच डोळे गार व्हायला लागतात. मोटरसायकलवर असाल तर पाणीच येतं.

शेतकरी ते तेल कॅनमध्ये भरून घरात ठेवतात, सोन्यासारखं. भाव चढला की विकायचं, किंवा मुलीचं लग्न निघालं की. कर्जाच्या पाहणीला गेलो की मी कागदांआधी कोपऱ्यातले कॅन मोजायचो.

एकदा जूनमध्ये एका म्हाताऱ्याकडे बसलो होतो. 44 डिग्री, पंखा बंद. चहा आला, दुधाचा, कडक, उकळता. मी म्हटलं बाबा, या गर्मीत? त्याने आगपेटीतली काडी काढली, मागचं टोक तेलात बुडवलं, झटकलं आणि माझ्या कपात फिरवलं. बस्स, तेवढंच. पहिला घोट घेतला, जीभ भाजली आणि छातीपर्यंत बर्फ उतरला, दोन्ही एकदम. पुढचा अर्धा तास श्वास आत घेतला की गार वारा. म्हातारा खदाखदा हसत होता. घरी कोणी करू नका हां, तेल फार जहाल, हात जड झाला तर पंचाईत.

टोपलीतला_कांदा
बदलीवाला, कर्ज मंजूर झालं का त्याचं?

बदलीवाला
झालं की. फेडलंही वेळेवर.

हिरवा_चाफा
भाजतं आणि गारही लागतं, त्याचं कारण सांगू? लहान तोंडी मोठा घास, बायोलॉजी शिकतोय. थंडी ओळखणारा जो संवेदक नसांमध्ये असतो, त्यालाच त्या तेलातलं मेंथॉलही चेतवतं. म्हणजे मेंदूला वाटतं गार लागलं, प्रत्यक्षात गार काहीच नाही. या शोधात ज्यांचा हात होता त्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं. आपल्या चटणीच्या पुदिन्यात मेंथॉल नावालाच, त्याचा वास कार्व्होन नावाच्या दुसऱ्याच द्रव्याचा. म्हणून वाफाळताईंच्या चहाला सुगंध येईल पण छाती गार होणार नाही.

वाफाळ
ताई म्हणून वाचवलंस, काकू म्हणाला असतास तर... पण खरंच, त्या चहाने गार कधीच वाटलं नव्हतं. फक्त वास.

डोंगरवाट
मी जर्मनीत. इकडे पेपरमिंटचा चहा म्हणजे आजाऱ्याचं पथ्य. नुसती पानं आणि गरम पाणी, त्यात चहाचा कणही नाही. नवीन असताना ऑफिसात हौसेने तोच घ्यायचे, तर जो तो विचारणार, बरं नाही का? पोटाचं काही का? तिसऱ्या दिवशी बॉस म्हणाला, घरी जाऊन आराम कर. शुक्रवार होता. मी गेले.

सासरे आले तेव्हा त्यांनीही मागवला. कप समोर ठेवून दूध कधी येतंय याची वाट बघत बसले, गार होईपर्यंत. शेवटी म्हणाले, "अगं, यांनी नुसतं आधणच दिलं की."

अर्धा_कप
'नुसतं आधण' हे आता आमच्या घरात चालू होणार.

सगुणा
आले परत. वाफाळ, त्या पारशी बाईंचं पुढे काय झालं गं?

वाफाळ
मी दहावीत असताना त्या भाचीकडे नवसारीला गेल्या. जाताना ती किटलीची टोपी आईला देऊन गेल्या. आमच्याकडे किटलीच नव्हती, त्यामुळे आईने ती मिक्सरवर घातली. अजून आहे. गोंडा पडला.

पमाकाकू
अगं पण जुडी कितीला?

वाफाळ
काकू, फुकट! चुकून आली म्हटलं ना. काल परत गेले तर वीस सांगितले.

पमाकाकू
वीस?? आमच्या डोंबिवलीत दहाला देतात, वर आल्याचा तुकडा.

गच्चीवरची
काकू, डोंबिवलीत कुठे? स्टेशनच्या कुठल्या बाजूला?