हजार मीटर खाली ना पाऊस, ना ऊन. मग क्षारता बदलते कशाने?

मृण्मयी:
सध्या आर्गो फ्लोटच्या (समुद्रात वर-खाली होत तापमान आणि क्षारता मोजणाऱ्या स्वयंचलित यंत्रांच्या) नोंदी उतरवून आलेख काढायचा नाद लागलाय. दक्षिण हिंदी महासागरातला, 20 अंश दक्षिणेच्या आसपासचा एक समोर आहे. पृष्ठभागाशी क्षारता साधारण 35 (म्हणजे किलोमागे 35 ग्रॅम मीठ), दोनशे मीटरवर साडेपस्तीसच्या जवळ, मग घसरत घसरत नऊशे-हजार मीटरवर 34.5 च्या आसपास. वरचं कळतं: बाष्पीभवनाने वाढते, पावसाने घटते. पण खाली यातलं काहीच पोचत नाही, तरी जुन्या-नव्या नोंदी ताडल्या की आकडे बदललेले दिसतात. मीठ जातं कुठे?

सागरवेडा:
मीठ कुठे जात नाही हो. यातला प्रत्येक थर कधी ना कधी पृष्ठभागावर होता आणि तिथली क्षारता घेऊनच खाली उतरला. दोनशे मीटरवरचं पाणी आणखी दक्षिणेकडचं, जिथे बाष्पीभवन पावसाला भारी पडतं. नऊशे मीटरवरचं अंटार्क्टिकाभोवतीच्या थंड, पावसाळी पट्ट्यातून बुडालेलं. त्याला अंटार्क्टिक इंटरमीडिएट वॉटर म्हणतात.

म्हणून खोली धरून तुलना करू नका, घनता धरून करा. वारे बदलले की अख्खा थर वर-खाली सरकतो. पाणी तेच असतं, पण हजार मीटरच्या रेघेवर दुसरं येऊन बसतं. हे वगळल्यावर जो फरक उरतो, तो पाणीच बदलल्याचा.

आणि तिथे खरी गंमत आहे. पाऊस थेंबानेही न बदलता, नुसत्या तापमानवाढीने खालचं पाणी कमी खारट होऊ शकतं! पंधरा अंश सेल्सियसचं पाणी एका अंशाने तापलं तर त्याची घटलेली घनता भरून काढायला किलोमागे पाव ग्रॅमहून थोडं जास्त मीठ लागतं. त्यामुळे पृष्ठभाग तापला की ठरावीक घनतेचं पाणी ध्रुवाकडे सरकल्यावरच सापडतं, आणि तिकडचं पाणी मुळातच कमी खारट. थर आता तिथून भरतो. त्या घनतेवर मोजाल तर पाणी कमी खारट आणि थंडही झालेलं दिसेल.

मृण्मयी:
तापमान वाढल्यामुळे थंड? आणि मग ‘खारट भाग आणखी खारट’ असं वाचते ते काय?

सागरवेडा:
त्या घनतेवर थंड. खोली धरून मोजलंत तर तिथलं पाणी सहसा तापलेलंच निघेल. दुसरी गोष्टही खरी आहे. ड्युरॅक आणि विफेल्स या समुद्रशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये 1950 ते 2008 च्या नोंदी तपासल्या. खारट अटलांटिक अधिक खारट आणि पॅसिफिकचा उबदार, पावसाळी भाग अधिक गोडा झालेला आढळला. पाऊस-बाष्पीभवनातला बदल आणि थर ध्रुवाकडे सरकणं, दोन्ही एकाच वेळी चालू असतात. कुठल्या थरात कोण वरचढ, हे थरागणिक पाहावं लागतं.

खलाशी_72:
शेजारचे समुद्र विसरू नका. जिब्राल्टरमधून 38 च्या वर क्षारतेचं भूमध्य पाणी बाहेर पडतं आणि अटलांटिकमध्ये हजार मीटरच्या आसपास पसरतं. अंटार्क्टिकाला लागून असलेल्या रॉस समुद्रात उलट: समुद्रबर्फ गोठताना मीठ पाण्यात सुटतं, तरी पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ वितळून येणाऱ्या गोड्या पाण्याने तिथली क्षारता कित्येक दशकं घटत गेली.

मृण्मयीताई, एक विनंती. काही फ्लोटचे सेन्सर काळानुसार खरं असेल त्याहून जास्त क्षारता दाखवू लागतात. तेव्हा निष्कर्ष काढण्याआधी ‘डिलेड मोड’ची, म्हणजे तपासून दुरुस्त केलेलीच माहिती घ्या.