मैदानातली गर्दी आणि आपण : रॉक कॉन्सर्टचे अनुभव

उघड्या मैदानात, हजारो लोकांच्या रेट्यात उभं राहून रॉक किंवा मेटल ऐकलेल्यांसाठी हा धागा आहे. कोणता बँड थोर आणि कोणता गिटारवाला सरस, यावर आपण पुष्कळ भांडलोय. इथे गर्दीबद्दल लिहा. कुठे उभे होतात, शेजारी कोण होतं, कोणी ढकललं, कोणी सावरलं. वाईट अनुभव तर नक्की लिहा, पुढे जाणाऱ्यांना तेच उपयोगी पडतात.

सुरुवात मी करतो. १७ मार्च २००७, बंगलोर, पॅलेस ग्राउंड्स, आयर्न मेडन. मेटलमधला एवढा मोठा बँड तोवर भारतात आलाच नव्हता. आम्ही कॅसेटवरून कॅसेट भरून घेत वाढलेली पोरं, आम्हाला ते नाव तिकिटावर छापलेलं पाहूनच भरून आलं होतं. आदल्या दिवशी पुण्याला उद्यान एक्स्प्रेसमध्ये चढलो, तर डब्यात मुंबईहून आलेले काळे टी-शर्ट आधीच पसरलेले. सोलापूरला आणखी चढले. समोरच्या काकूंनी विचारलं, "कुठल्या कॉलेजची सहल रे?" आणि उत्तराची वाट न बघता भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली. वाडी येईपर्यंत कोण कोणाबरोबर आलंय हेच कळेनासं झालं होतं.

दुपारपासून गेटबाहेर रांग. गेट उघडलं आणि रांग संपली, नुसता लोंढा धावत सुटला. मी डाव्या बाजूला स्टेजपासून बराच जवळ पोचलो. आधी आपला परिक्रमा बँड वाजला, मग मेडनच्या बेस वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसची मुलगी लॉरेन गायली, आणि प्रत्येक वेळी मागून रेटा वाढत गेला. मेडन स्टेजवर आले तेव्हा तर छातीवर इतका दाब आला की एकदा खाली घेतलेला हात पुन्हा वर काढता येईना. पाय माझे होते, पण ते कुठे जाणार हे गर्दी ठरवत होती.

त्या रेट्यात माझ्या पुढचा एक बारका मुलगा खाली गेला. क्षणभर त्याचं डोकंही दिसेना. आणि कोणीही काही न सांगता आजूबाजूच्या पाचसहा जणांनी गर्दीकडे पाठ करून हात पसरले, सगळा भार अंगावर घेतला, दोघांनी त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. एक जण कानडीत ओरडत होता, एक मल्याळममध्ये, मी मराठीत. त्याचा चष्मा पडला होता. थोड्या वेळाने मागून कोणीतरी तो उंच धरला आणि हातोहात पुढे येत तो त्याच्यापर्यंत पोचला. एक काच गेलेली. तेवढ्यावरच त्याने पुढचा सगळा कार्यक्रम पाहिला.

पिटमध्ये, म्हणजे स्टेजपुढे लोक एकमेकांना धडका देत नाचतात त्या जागेत, पडला त्याला उचलायचं, हा नियम मला कोणी शिकवला नाही, तिथेच दिसला. बाहेर आलो तेव्हा टपरीवरच्या टीव्हीवर वर्ल्ड कपची मॅच लागलेली, बांगलादेशसमोर भारत १९१ मध्ये गारद. एरवी आम्ही तिथेच उभे राहून हळहळलो असतो. त्या रात्री कोणी थांबलंसुद्धा नाही.

आता तुम्ही लिहा.

गिरगाव

तुम्ही २००७ पासून सुरू केलंत, म्हणून थोडं मागचं सांगतो. मुंबईत धोबीतलावचं रंगभवन, उघडं नाट्यगृह. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला, पंधरा ऑगस्टच्या सुमाराला, म्हणजे ऐन पावसात. वर छप्पर नाही. आम्ही भिजत उभे, स्टेजवरचे लोक वायरींवर प्लास्टिक टाकून वाजवतायत. रॉक मशीन हा बँड, म्हणजे पुढे १९९३ मध्ये ज्यांनी इंडस क्रीड नाव घेतलं ते, वाजायला लागले की सगळं रंगभवन एका सुरात गायचं. आवडलं नाही तर लोक तोंडावर सांगायचे, आणि ते सौम्य शब्दांत नसायचं. दंगा खूप होता. पण जागा लहान, चेहरे ओळखीचे. एकाची दुसऱ्याशी जुंपली तर तिसरा मध्ये पडायचा, कारण पुढच्या वर्षी तिथेच भेटायचं असायचं.

सन २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचं शंभर मीटर अंतर शांतता क्षेत्र ठरलं. रंगभवनाला खेटून कॉलेज, जवळच इस्पितळ. संगीत थांबलं. नियमाचं कारण मला पटतं, रुग्णाला झोप हवीच. पण शहराने त्या बदल्यात तेवढीच, लोकलने जाण्यासारखी, परवडणारी दुसरी जागा दिली नाही, याचं दुःख माझं अजून गेलेलं नाही.

ठाणे

मी मुलगी म्हणून लिहिते, कारण वरचे दोन्ही अनुभव वाचून माझा वेगळा आहे हे सांगायलाच हवं.

१ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीएचं मैदान, पुन्हा मेडन. त्यांच्या त्या जागतिक दौऱ्याची सुरुवातच मुंबईतून होती, आणि गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवत बँडला घेऊन आला होता. शुक्रवार होता. ऑफिसातून थेट गेले, बॅगेत टी-शर्ट होता तो स्टेशनवर बदलला. मेडनच्या पहिल्या गाण्याआधी लागणारं चर्चिलचं भाषण स्पीकरवर सुरू झालं आणि धुळीचा एक पडदाच उठला, हजारो पाय एकदम उडाले. तो क्षण माझ्या आयुष्यातल्या सर्वांत आनंदाच्या क्षणांपैकी आहे, आणि तो मी कोणालाही देणार नाही.

पण त्याच गर्दीत, तिसऱ्या की चौथ्या गाण्याला, मागून कोणाचा तरी हात आला. चुकून लागलेला आणि मुद्दाम लावलेला यातला फरक प्रत्येक बाईला कळतो. मी वळून जोरात ओरडले. आवाजात कोणाला काय ऐकू जाणार! पण माझा चेहरा पाहून शेजारच्या तिघाचौघांना कळलं. त्यांनी माझ्याभोवती रिंगण केलं, शेवटपर्यंत तसेच उभे राहिले. त्यांची नावंही मला माहीत नाहीत. मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

तरीही मला म्हणायचंय ते हे. ज्याने हात लावला तो तिथेच राहिला, त्याने पूर्ण कार्यक्रम पाहिला, आणि मी रिंगणात बंद होऊन पाहिला. बॅरिकेडजवळ एकही महिला सुरक्षारक्षक नव्हती. पडलेल्याला उचलणारी गर्दी असल्या माणसाला धरून बाहेर का काढत नाही? तोही पिटचा नियम व्हायला हवा. मुलांनो, हे वाचताय ना, तर मैत्रिणीला रिंगणात घेण्याआधी हात लावणाऱ्याचा दंड धरा.

नागपूर

२८ ऑक्टोबर २०११, गुडगाव, लेझर व्हॅली. मेटॅलिका या मेटल बँडचा भारतातला पहिला कार्यक्रम ठरला होता. तो दिवस भाऊबीजेचा होता. ताईने आदल्या दिवशीच ओवाळून घेतलं आणि म्हणाली, "जा, नाहीतर वर्षभर तोंड पाडून बसशील." रात्रीच्या गाडीने दिल्ली.

मैदानात तासन्‌तास उभे. पाणी आत नेऊ दिलेलं नाही, आतलं पाणी संपलं. स्टेजवर माणसं येतात, बघतात, जातात. पुढचं बॅरिकेड लोकांच्या रेट्याने तुटलं होतं, हे आम्हाला मागे कळलंही नाही. मग सांगितलं की आज होणार नाही, उद्या होईल. पुढे तेही रद्द.

त्यानंतर जे झालं ते पाहायला नको होतं असं वाटतं. लोक स्टेजवर चढले. पडदे फाडले, स्पीकर पाडले, हाताला लागेल ते ओढलं. माझ्या शेजारी गुवाहाटीहून आलेला एक मुलगा होता, दोन रात्री प्रवास करून. तो खाली बसून रडत होता. त्याने काही तोडलं नाही. मीही नाही. आमच्यासारखे कितीतरी होते, पण दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत सगळ्या गर्दीला एकच नाव मिळालं.

दोन दिवसांनी बंगलोरला पॅलेस ग्राउंड्सवर त्यांचा कार्यक्रम नीट पार पडला. देश तोच, बँड तोच, वेड तेवढंच. म्हणून "आपल्या लोकांना शिस्तच नाही" असं कोणी म्हणालं की माझा संताप होतो. हजारो माणसं तहानलेली, काही न सांगता, कच्च्या बॅरिकेडमागे कोंबून ठेवली तर कोणत्याही देशात हेच होईल. तोडफोड करणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. पण त्या संध्याकाळी माणसांना माहिती आणि पाणी मिळालं असतं, तर बहुतेक सगळे निमूट घरी गेले असते, हे मी खात्रीने सांगतो.

पुणे (धागाकर्ता)

ठाण्याच्या ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आमच्या त्या गर्दीत मुली फार थोड्या होत्या, आणि का थोड्या होत्या याचं उत्तर तुमच्या लिहिण्यात आहे.

मिरज

मी डॉक्टर आहे. शिकत असताना मित्रांबरोबर अशा कार्यक्रमांच्या प्रथमोपचार तंबूत काम केलंय, म्हणून त्या बाजूने थोडं.

तंबूत येणारे बहुतेक सगळे उन्हाने, तहानेने, रिकाम्या पोटी केलेल्या दारूने किंवा भीतीने आलेले असतात. पिटमध्ये नाचताना लागलेले कमी, आणि त्यांना बहुतेक खरचटलेलं, मुरगळलेलं असतं. पिट दिसायला भयंकर. पण तिथे माणसांमध्ये जागा असते, म्हणून पडलेला दिसतो आणि उचलता येतो. खरा धोका पिटच्या पुढे, बॅरिकेडला चिकटून, जिथे कोणी नाचत नाही कारण हलताच येत नाही. एका चौरस मीटरमध्ये सहाच्या वर माणसं झाली की एकेकट्याच्या ताकदीला काही अर्थ उरत नाही, मागचा धक्का लाटेसारखा पुढे जातो. चेंगराचेंगरीत माणूस बहुधा तुडवला जाऊन मरत नाही, छाती फुगवायला जागा न उरल्यामुळे श्वास कोंडून मरतो. उभ्या उभ्यासुद्धा. डेन्मार्कच्या रोस्किल्ड महोत्सवात ३० जून २००० ला पर्ल जॅम हा बँड वाजत असताना नऊ जण असेच गेले. त्यानंतर तिथे स्टेजपुढची जागा कप्प्यांत विभागली आणि प्रत्येक कप्प्यात मोजकी माणसं सोडायला लागले.

तुम्ही अशा जागी अडकलात तर दोन्ही हात कोपरात वाकवून छातीपुढे ठेवा, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. रेट्याच्या उलट ढकलू नका, दोन लाटांच्या मधल्या वेळात तिरकं बाजूला सरका. ओरडण्यात दम घालवू नका. हात एकदा खाली गेले की वर येत नाहीत, हे धागाकर्त्याने लिहिलंय ते अगदी खरं आहे.

आणि कान! ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. रॉक कॉन्सर्टला पुढे उभं राहिलं तर आवाज त्याहूनही वर जातो. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये अगदी स्वस्त मिळतात. घातले की गाणं ऐकूच येत नाही हा गैरसमज आहे, आवाज फक्त कमी होतो. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजणं म्हणजे मजा केल्याची खूण नव्हे, ती इजा आहे.

चिपळूण

माझा छोटासाच. डिसेंबर २००९, आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवात पॉर्क्युपाइन ट्री हा बँड. मी जिथे होतो तिथे एवढ्या गर्दीत कोणी कोणाला ढकललं नाही, लोक डोळे मिटून उभे. दंगा हवाच असं नाही, एवढंच नोंदवतो.

हॅम्बुर्ग

आमच्याकडून वाकन जवळच, उत्तर जर्मनीतलं दोनेक हजार वस्तीचं खेडं. ऑगस्टमध्ये तिथल्या महोत्सवाला जगभरातून मेटलवाले येतात. २०२३ ला ८५ हजार तिकिटं विकलेली, आणि पावसाने शेतांचा नुसता रेंदा झाला. गाड्या रुतल्या, शेतकरी ट्रॅक्टरने ओढून काढत होते. शेवटी आयोजकांनी नव्याने येणाऱ्यांना आत घेणंच बंद केलं. मी आधी पोचलो होतो म्हणून आत. ज्यांना परत जावं लागलं त्यांच्यासाठी जीव तुटला, पण निर्णय योग्य होता. आजूबाजूच्या गावांतल्या लोकांनी अडकलेल्यांना अंगणात तंबू ठोकू दिले.

चिखल पोटऱ्यांपर्यंत. बूट आत राहायचा आणि पाय बाहेर यायचा. मुख्य स्टेजवर त्या वर्षी मेडनच होते. गर्दीत व्हीलचेअरवर बसलेल्या एका माणसाला लोकांनी खुर्चीसकट डोक्यावर उचलून पुढे नेलं, पुढच्या रक्षकांनी अलगद उतरवून घेतलं, आणि तो हसत हसत बाजूच्या वाटेने परत आला. माझ्यासोबत साताऱ्याचा एक मित्र होता. तो म्हणाला, "वारीत म्हाताऱ्यांना असंच सांभाळतात." मला ते पटलं.

नागपूरकर, तुमच्या म्हणण्याला माझी साक्ष. इथे लोक शांत राहतात कारण दर तासाला काय चाललंय ते त्यांना सांगितलं जातं, पाणी फुकट मिळतं, आणि स्टेजपुढचे रक्षक गर्दीकडे तोंड करून उभे असतात, बँडकडे नाही.

ठाणे

पुन्हा लिहिते, कारण यात बदल झालेला मी पाहिलाय. १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस होते, भाचीला घेऊन गेले. मे महिन्याचा घाम, पण माणसांत अंतर होतं, आणि मुली भरपूर, गटागटाने, कोणा भावा-मित्राच्या आडोशाशिवाय. आम्ही मध्यावरच्या साउंड कन्सोलच्या, म्हणजे आवाज सांभाळणारे बसतात त्या जागेच्या, बाजूला उभ्या राहिलो. तिथे आवाज सगळ्यांत चांगला लागतो आणि बाहेर पडायला वाट असते. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते उजेड असतानाच ठरवलं, कारण आत फोन लागत नाहीत. इअरप्लग भाचीनेच आणले होते, माझ्यासाठीही.

मधे एका मुलीने मागच्या माणसाला काहीतरी सुनावलं आणि लगेच दोन मुलं आणि एक मुलगी त्याला धरून कडेला घेऊन गेली. मुलगी तिथेच राहिली, आपल्या जागी, नाचत. २००८ मध्ये मला हेच हवं होतं.

पुणे (धागाकर्ता)

डॉक्टरसाहेब, हातांचं आणि तिरकं सरकण्याचं लिहिलंत ते वेगळं काढून तरुण मंडळींना पाठवतोय. ताई, तुमचा शेवटचा परिच्छेदही त्यातच.

डिसेंबर २००७ ला स्कॉर्पियन्स शिलाँगला आले होते, तिथे कोणी मराठी माणूस होता का? आणि रोलिंग स्टोन्सच्या २००३ च्या बंगलोरच्या पावसात भिजलेलं कोणी? लिहा.