२०२९ ला राहुल गांधी पंतप्रधान? नोव्हेंबर २०२५ च्या बिहार विधानसभा निकालानंतर सोसायटीच्या ग्रुपवर

सावंत (ए-१०१): बिहार बघितलंत ना काल? २४३ पैकी २०२ एनडीए. काँग्रेस ६१ जागा लढली, आल्या ६. ऑगस्टमध्ये राहुल गांधींनी एवढी यात्रा काढली, गल्लीबोळ पालथे घातले, आणि हातात काय? या माणसाच्याने २०२९ काय, २०३४ पण होत नाही.

रोहन (सी-७०४): सावंत काका, विधानसभेवरून लोकसभेचं कसं काय सांगता?

सावंत (ए-१०१): मग कशावरून सांगू, पत्रिकेवरून?

सेक्रेटरी: सर्व सभासदांना विनंती, उद्या ९ ते १ टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा. राजकारणासाठी ‘कट्टा’ ग्रुप वेगळा काढून दिलेला आहे.

कुलकर्णी काकू (बी-२०३): कट्ट्यावर चार माणसं, आणि चारही एकाच पक्षाची. तिथे काय भांडणार? चालू द्या हो इथेच. शनिवार आहे.

रोहन (सी-७०४): डिसेंबर २०१८ ला काँग्रेसने मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड तिन्ही राज्यं घेतली. पाच महिन्यांनी लोकसभेला मध्य प्रदेशात २९ पैकी १ आणि राजस्थानात २५ पैकी भोपळा. उलटं पण झालंय. डिसेंबर २००३ ला हीच तीन राज्यं भाजपने घेतली आणि २००४ ला दिल्ली गेली. लांब कशाला, आपलंच बघा. जून २०२४ ला आघाडीचे ४८ पैकी ३० खासदार, नोव्हेंबरला आमदार किती? ४६. महायुती २३०.

सावंत (ए-१०१): लाडकी बहीण!

कुलकर्णी काकू (बी-२०३): आमच्याकडे भांडी घासायला येते तिने मे महिन्यात मशाल दाबली आणि नोव्हेंबरात धनुष्यबाण. मी विचारलं, काय गं हे? म्हणाली, ‘काकू, तेव्हा गॅसचा राग होता, आता खात्यावर पैसे आलेत.’ तुम्ही लोक उगाच विचारधारा वगैरे करत बसता.

नेहाताई (बी-६०१): मी काही राहुल गांधींची फॅन नाही, आधीच सांगते. पण २०१४, २०१९, २०२४ चे लोकसभेचे आकडे बघा. काँग्रेस ४४, ५२, ९९. भाजप २८२, ३०३, २४०. एक चढतोय, एक उतरलाय.

सावंत (ए-१०१): चढतोय कसला! ४४ अधिक ५२ अधिक ९९ किती? १९५. तीन निवडणुकांची बेरीज भाजपच्या पडत्या काळातल्या एका निवडणुकीला पुरत नाही.

नेहाताई (बी-६०१): हे मोदींचं वाक्य आहे काका, तुमचं नाही.

सावंत (ए-१०१): बेरीज तर बरोबर आहे ना? आणि समोर चेहरा कोण, ते सांगा. लोक चेहरा बघून मत देतात.

आप्पा (ए-४०२): सकाळपासून नुसतं वाचतोय. चेहऱ्यावर राहवलं नाही म्हणून लिहितो. मी पहिलं मत १९७७ ला दिलं. तेव्हा जनता पक्षाचा पंतप्रधान कोण होणार हे कोणालाही माहीत नव्हतं. निकाल लागल्यावर मोरारजी ठरले. १९८९ ला व्ही. पी. सिंगांचं नावही निकालानंतर पक्कं झालं, आणि ते करताना देवीलालांना पुढे करून केवढं नाटक झालं! २००४ ला तर सोनिया गांधींनी निवडणूक जिंकली आणि खुर्चीवर मनमोहन सिंग बसले. तीनही वेळा विरोधक आले, आणि तीनही वेळा चेहरा आधी ठरलेला नव्हता. चेहरा लागतो तो २०१४ सारखी एकट्याच्या जोरावर लाट आणायची असेल तेव्हा.

दुसरी गोष्ट. ‘विरोधी पक्षनेता’ ही पाटी पंतप्रधान व्हायची शिडी आहे असं जो तो धरून चाललाय. आपल्या महाराष्ट्राचे दोघे त्या खुर्चीत बसून आले, १९७७ नंतर यशवंतराव आणि १९९८ ला शरद पवार. पवारांनी तर पुढच्याच वर्षी वेगळा पक्ष काढला. अडवाणी त्याच खुर्चीतून २००९ ला पंतप्रधानपदाचे उमेदवार झाले, पण सत्ता आली नाही. सुषमा स्वराज साडेचार वर्षं सभागृहात लढल्या, पंतप्रधान आले गांधीनगरहून. लोकसभेतल्या विरोधी पक्षनेत्यांत पुढची निवडणूक जिंकून पंतप्रधान झालेला एकच माणूस, वाजपेयी, १९९८.

रोहन (सी-७०४): आप्पा, मनमोहन सिंग पण विरोधी पक्षनेते होते की. १९९८ ते २००४.

आप्पा (ए-४०२): राज्यसभेत. म्हणून तर ‘लोकसभेतल्या’ लिहिलंय. वाचत जा रे नीट.

सावंत (ए-१०१): बघा, आप्पासुद्धा म्हणतात होत नाही.

आप्पा (ए-४०२): मी तसं म्हटलेलं नाही. रविवारच्या कोड्यासारखा एक हिशोब करून ठेवलाय, तो टाकतो. २०२४ चा लोकसभा निकाल. मध्य प्रदेश २९ पैकी भाजप २९. गुजरात २६ पैकी २५. छत्तीसगड ११ पैकी १०. दिल्ली ७ पैकी ७, उत्तराखंड ५ पैकी ५, हिमाचल ४ पैकी ४, ओडिशा २१ पैकी २०. एकूण जागा १०३. भाजप १००, काँग्रेस ३. या सात राज्यांत अखिलेश नाहीत, स्टॅलिन नाहीत, ममता नाहीत, ठाकरे-पवार नाहीत. दिल्लीत केजरीवाल बरोबर होते, तरी सातही गेल्या. ओडिशात नवीन पटनायक होते. बाकी ठिकाणी भाजपला अडवायचं ओझं बहुतेक काँग्रेसच्याच डोक्यावर. आणि हिमाचलात तर सरकार त्यांचं स्वतःचं!

नेहाताई (बी-६०१): हे आधी कोणी असं मांडून दाखवलं नव्हतं. १०३ ला ३??

आप्पा (ए-४०२): बिहारवरून एवढं रडू नका आणि नाचूही नका. तिथे काँग्रेस दुसऱ्याच्या खांद्यावर आहे. जिथे स्वतःच्या पायावर उभं राहायचं, तिथली ही अवस्था. उत्तर प्रदेशात भाजप ३३ वर आला, पण कोणामुळे? सपाच्या ३७ मुळे. काँग्रेसच्या तिथे ६.

रोहन (सी-७०४): पण मतदार याद्यांचं काय आप्पा? कर्नाटकातल्या महादेवपुरा मतदारसंघाच्या यादीचे कागद दाखवले राहुल गांधींनी पत्रकार परिषदेत.

सावंत (ए-१०१): आयोगाने सगळे आरोप फेटाळलेत. हरलं की यंत्र खराब, यंत्र नाही तर यादी खराब.

सेक्रेटरी: हा विषय नको प्लीज. मागच्या वेळी यावरून दोन जण ग्रुप सोडून गेले आणि मेंटेनन्सचे मेसेज त्यांना पोचेनात.

आप्पा (ए-४०२): खरंखोटं काय असेल ते असो, यादीचं काम बूथवर होतं. बीएलओ, म्हणजे यादीचं काम करणारा सरकारी माणूस, येतो तेव्हा बाजूला बसून एकेक नाव तपासणारा माणूस लागतो. २०२४ च्या लोकसभा मतदानाला, त्या २० मेच्या सोमवारी, आपल्या शाळेबाहेर एका बाजूचं टेबल पहाटेपासून लागलेलं. घराघरांच्या चिठ्ठ्या विंगप्रमाणे रबर लावून तयार, कोणी आलं नाही तर दुपारी फोन. समोरच्या बाजूला दोन पोरं, तीही उबाठाची, म्हणजे उद्धव ठाकरेंच्या सेनेची. काँग्रेसचं कोणी नाही, कारण जागा मित्रपक्षाला सुटलेली, पंजा यंत्रावर नव्हताच. पंजावाला कार्यकर्ता अशा ठिकाणी पाच वर्षं करणार काय? २०२४ ला काँग्रेस देशात फक्त ३२८ जागा लढली. आघाडीसाठी ते शहाणपणाचं होतं, माझंही मत तेच. पण जिथे लढला नाहीत तिथली संघटना हळूहळू मरते, ही किंमत कोणी मोजत नाही.

कुलकर्णी काकू (बी-२०३): आणि त्या जागेवर काय झालं ते सांगा ना. शिंदेसेनेचे वायकर ४८ मतांनी आले! आख्ख्या वायव्य मुंबईत ४८!

नेहाताई (बी-६०१): आपल्या तीन विंगमध्येच त्याच्या तिप्पट मतदार असतील.

सावंत (ए-१०१): त्यातले निम्मे शनिवार-रविवार जोडून लोणावळ्याला गेले होते. नावं घेऊ का?

रोहन (सी-७०४): मी रांगेत अडीच तास उभा होतो!! पंखा नाही, पाणी नाही. माझ्या पुढचे तिघे कंटाळून निघून गेले.

सावंत (ए-१०१): बरं, ते राहू दे. आप्पा, एका ओळीत सांगा. येतो की नाही?

आप्पा (ए-४०२): एका ओळीत होत नाही, तीन ओळी द्या. स्वबळावर नाही, तो विषय सोडा. पण सरकार पाडायला स्वबळ लागत नाही. एनडीए २९३ वर आहे. त्या १०३ पैकी ३० जागा जरी फिरल्या आणि बाकी सगळं जिथल्या तिथे राहिलं, तरी भाजप २१० आणि एनडीए २६३. बहुमत २७२. मग नायडूंचे १६ आणि नितीशकुमारांचे १२ कुठे बसतात त्याला महत्त्व येतं. २००४ ला असंच झालं. काँग्रेस १४५, भाजप १३८, सातच जागांचा फरक. सरकार गेलं ते तामिळनाडू आणि आंध्र या दोन राज्यांनी. वाजपेयी सरकारच्या इंडिया शायनिंगच्या जाहिराती टीव्हीवर झळकून गेल्या आणि चंद्राबाबू ५ खासदारांवर येऊन बसले.

सावंत (ए-१०१): तीस! मध्य प्रदेशात २९ ला २९ आहे आप्पा. कमलनाथांचा छिंदवाडासुद्धा गेला. तीस कुठून आणणार?

आप्पा (ए-४०२): तिथेच माझीही गाडी अडते. यात्रा देशभर काढतात, पण भोपाळ-इंदूरात वर्षभर बसलेला माणूस मला दिसत नाही. ते जमलं नाही तर २०२९ ला काँग्रेस ११०-१२० पर्यंत जाईल आणि परत विरोधी बाकावरच बसेल. आणि जमलं, सरकार पडलं, तरी खुर्चीवर राहुल गांधीच बसतील असं लिहून देणार नाही. मोरारजी, व्ही. पी., मनमोहन तिघांनाही बघितलेला माणूस आहे मी.

नेहाताई (बी-६०१): २०२९ ला मोदी ७८ चे असतील. भाजपचा चेहरा तोच असेल का, हेही कोणी धरत नाहीये हिशोबात.

सावंत (ए-१०१): असेल. बघाल.

रोहन (सी-७०४): आधी नगरसेवक तरी निवडू द्या आम्हाला! २०१७ नंतर आज नोव्हेंबर २०२५ पर्यंत महापालिकेचं मतदान झालेलं नाही, मुदत संपून तीन वर्षं उलटली. गटाराचं झाकण कोणाला सांगायचं, राहुल गांधींना?

कुलकर्णी काकू (बी-२०३): अगदी बरोबर. बरं, नेहा, माझ्या नातवाला मार्चमध्ये अठरा पूर्ण होतायत. त्याचं नाव घालायला कुठला फॉर्म गं?

नेहाताई (बी-६०१): सहा नंबर, काकू. ऑनलाइन होतो. १ एप्रिलच्या पात्रता तारखेत बसेल, आत्ताच आगाऊ भरून ठेवा. आणि ए-३०३ मध्ये नवीन आलेत त्यांना सांगा, पत्ता बदलायला आठ नंबर.

सावंत (ए-१०१): काकू, नातवाचं मत कोणाला?

कुलकर्णी काकू (बी-२०३): तो अजून दाढी ठेवायची की काढायची हेच ठरवतोय. तुम्ही लगेच जाऊन बसू नका त्याच्याकडे.